डावी खिडकी

तिसऱ्या बंदुकीचा शेवटचा नट आवळून क्राइनब्रिंक विमानातून खाली उतरला. पान्हा खिशात टाकत म्हणाला, "झालं. आता तुला आणखी चार हात फुटले की काम फत्ते."

ऑटमार हसला. क्राइनब्रिंक तळावरच्या बंदुकांची देखभाल करायचा. पन्नाशीचा होता, म्हणून सगळी पोरं त्याला काकाच म्हणत. ऑटमार बॉम्बफेकी विमानाच्या मागच्या भागात एकटा बसून बंदूक चालवायचा. गावाकडे तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. ऑर्गनवाल्याला दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम चालवायची सवय असते, म्हणूनच बर्लिनवाल्यांनी ह्याच्या गळ्यात तीन बंदुका मारल्या, असं काकाचं म्हणणं होतं.

गेल्या गुरुवारी इंग्लंडवर शत्रूची दोन लढाऊ विमानं ऑटमारच्या विमानाच्या दोन्ही अंगांनी आली. ऑटमार छतावरच्या एकुलत्या बंदुकीने उजवीकडच्याशी झुंजत होता, तेवढ्यात डावीकडच्याने विमानाच्या कुशीची चाळण केली. जिवंत परत आलो हेच नवल, असं म्हणत ऑटमारने त्याच दिवशी लेखी कळवलं की मागे आणखी एक माणूस हवा. वरून मोठ्या तत्परतेने दोन बंदुका आल्या, एक उजव्या खिडकीला, एक डाव्या. माणूस काही आला नाही.

बंदुकांच्या मागोमाग बर्लिनहून इन्स्पेक्टर त्सुमबुश आले. सभ्य, चष्मेवाले गृहस्थ. तक्रार निकालात निघाली, अशी ऑटमारची सही त्यांना हवी होती. सही झाली की माणसाची मागणी संपली. आणि तीन वाजता उड्डाण होतं.

"साहेब, मी माणूस मागितला होता," ऑटमार म्हणाला.

त्सुमबुशनी न चिडता समजावून सांगितलं. विमान जेवढं उचलतं तेवढंच उचलतं. एक माणूस, त्याचं पॅराशूट, त्याचा प्राणवायू, एवढं चढवायचं तर तेवढ्या वजनाचे बॉम्ब उतरवावे लागतील, नाहीतर पेट्रोल. पेट्रोल उतरवलं तर परत कसे येणार? आणि पोलंडवर गेलात तेव्हा एका बंदुकीत भागलंच होतं की.

"तिथे फारसं कोणी अंगावर आलंच नाही, साहेब."

ह्यावर त्सुमबुशनी चष्मा पुसला. खरं तर त्यांनाही हे ठाऊक होतं. पण फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

मग काकानेच तोडगा काढला. ऑटमारने आत बसावं, साहेबांनी बाहेरून पत्र्यावर टकटक करावी. ज्या बाजूला टकटक होईल त्या बाजूच्या रिकाम्या बंदुकीचा चाप ऑटमारने ओढायचा. साहेबांची खात्री पटली तर तो मुकाट्याने सही करील. ऑटमार कबूल झाला आणि आत चढला.

त्सुमबुशनी उजवीकडे टकटक केली. आतून लगेच खट् असा आवाज आला. ते वळसा घालून डावीकडे गेले. ह्या खेपेला आत काहीतरी आपटलं, ऑटमारचं कोपर असावं, पण चार आकडे मोजायच्या आत खट् झालंच. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्सुमबुश खूश झाले. पोरगा चपळ होता. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फॉर्मवर शेरा लिहिला, फक्त सहीची जागा मोकळी ठेवली.

"एकदा शेवटचं बघा, साहेब," काका म्हणाला आणि पान्हा घेऊन विमानाला वळसा घालून उजवीकडे गेला.

दोघांनी एकदमच टकटक केली.

पलीकडून खट् झालं. त्सुमबुश आपल्या बाजूच्या आवाजाची वाट बघत उभे राहिले. त्यांनी पुन्हा टकटक केली. पलीकडे पान्हा एकसारखा वाजत होता, त्याला आतून उत्तरही मिळत होतं. त्सुमबुशच्या हाताखाली गुरुवारच्या भोकांवर मारलेली पत्र्याची ठिगळं होती, अजून रंगही न दिलेली. त्यांनी तिसऱ्यांदा टकटक केली, जरा हळू.

"थांबा, साहेब," पलीकडून काकाचा आवाज आला, "तो अजून माझ्याशीच लढतोय."