नेटसाठी उखाणा

नेरच्या मोबाइलच्या दुकानात मी माह्या पहिल्या मोठ्या फोनसाठी सगळ्यात मोठा प्लॅन मागितला. दुकानदार म्हणे, "आजी, एवढा डाटा एकटीले कायले? उरला का रोज रात्री वाया जाते." मी म्हटलं, "माह्या घरचं आजवर काही वाया गेलं नाही. तू टाक मुकाट्यानं."

उरलेलं नेट गल्लीतल्या बायांना वाटायचं ठरवलं. सून गुंजननं फोनात हॉटस्पॉट सुरू करून देलं, अन् पासवर्ड ठेवला सासऱ्याचं नाव! आता आली का पंचाईत? लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय तोंडातून काढलं नाही. अन् बाया तर फोन घेऊन दारात उभ्या. सून पदराआड हसून राह्यली. पण मी काय हटतो?

"रोजचा डाटा उरते, कसा जाऊ देऊ वाया?
यज्ञेश्वरांचं नाव घेतो, लिहून घ्या गं बाया!"

शेजारची विमल आली, नाव घेतलं. समोरची आभा आली, पुन्हा घेतलं. मंग जिच्या फोनात नेट कवाचंच जुळलं होतं, तेही "काकू, पासवर्ड विसरली वं" म्हणत परत येऊन राह्यली. हसून हसून बायांचे पोट दुखले.

गर्दी पांगली तसे आमचे हे ओसरीवरून उठून हळूच जवळ आले.



ज्यात नेट चालतच नाही तो आपला बटनाचा फोन पुढं धरून म्हणतात कसे, "अवं, मले बी सांग ना तो पासवर्ड."