गुणाची कुत्री

परांचीवरून पडून गवंड्याचा पाय मोडला आणि घरातली चूल थंडावली. मग त्याची शिकारी कुत्री एकटीच रानात जायला लागली. सकाळी गेली की दुपारी तोंडात ससा धरून दारात हजर. गवंडी खाटेवरूनच तिची पाठ थोपटायचा आणि येईल-जाईल त्याला ऐकवायचा, "सख्ख्या भावानं तोंड फिरवलं, पण ही खाल्ल्या मिठाला जागली."

एकदा ससा सोलताना त्याच्या बायकोचा हात थांबला. सशाच्या अंगावर दाताची एकही खूण नव्हती. मानेभोवती मात्र तारेच्या फासाचा वळ होता, आणि त्या रानात फास लावायचे ते फक्त तिचे थोरले दीर. दोघा भावांचं बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं. नवऱ्याला हे कळलं तर त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून तिनं रस्सा केला आणि मुकाट्यानं ताट वाढलं.

"गुणाची आहे हो आपली कुत्री," ती उगाचच म्हणाली.

गवंड्यानं तोंडातला घास सावकाश गिळला.

"दादाचा फास मी पहिल्याच दिवशी ओळखला," तो म्हणाला. "वाढ अजून थोडं."