गिळलेली सुई

जिथे कपडे शिवायच्या त्या दुकानाच्या मालकाशी वाजलं तशी शिंपीणमावशींनी घरीच शिलाईमशीन मांडलं, पण जुनं एकही गिऱ्हाईक फिरकेना. मालक म्हणे त्यांच्याबद्दल काहीबाही पसरवत होता. “मावशी, बदनामीची नोटीस पाठवू की,” वकीलबाई म्हणाल्या, “पण त्याच्या तोंडून ऐकलेला साक्षीदार हवा.” मावशींनी वकीलबाईंच्या कारकुनाला शेजारी बसवलं, दुकानात फोन लावून स्पीकरवर टाकला आणि आवाज घोगरा केला. “कोट शिवायचाय. तुमच्या त्या शिंपीणबाई आहेत का?” “अरेरे! त्या वारल्या हो,” मालक कळवळला. मावशींचे डोळे लकाकले. त्यांना वाटलं होतं, फार तर हात थरथरतात म्हणून सांगत असेल! “अगंबाई, कशानं?” “सुई गिळली. मीच खांदा दिला.” कारकुनानं तोंडात रुमाल कोंबला. “नोटीस आजच टपालात टाकते,” वकीलबाई म्हणाल्या. “टपालात कशाला?” कॉलरला टोचलेली सुई चाचपत मावशी उठल्या. “मीच नेऊन देते. चेहरा बघायचाय मला त्याचा.”