देशाची थोरली लेक

"मे, एप्रिल, मार्च..." रेडिओवाला बारुती मंचावरच्या पाहुणीच्या जन्ममहिन्यापासून एकेक बोट मिटत मागे मागे चालला होता आणि अख्खा मंडप त्याच्याबरोबर ओरडत होता. नववं बोट मिटलं तसा तो जागच्या जागी उडालाच. "सप्टेंबरची अखेर! आपला झेंडा चढला ती रात्र! अहो, म्हणजे देश आणि ही बाई एकाच रात्री... जाऊ दे, पुढे वडीलधारी मंडळी बसलीत!"

मंडपात हसू फुटलं. बायकांनी लांब हेल काढून किलकाऱ्या मारल्या, पुरुष "पुला! पुला!" म्हणून गरजले. पुला म्हणजे पाऊस. या कोरड्या देशात याहून मोठा आशीर्वाद नाही.

मंचावर लेरोले अवघडून बसली होती. वाळवंटाच्या पोटातलं पाणी शोधणारी बाई. गावंच्या गावं उठून जायला निघाली होती, तिथे तिनं दगड वाचून पाणी काढून दिलं होतं. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला राजधानी गाबोरोनेच्या भिंतींवर तिची चित्रं लागली होती आणि खाली लिहिलं होतं, 'देशाची थोरली लेक'.

पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. पहिलं मूल झालं की इथे बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, 'मा' म्हणजे आई लावून त्या मुलाच्याच नावानं तिला हाक मारतात. हिला सगळे मा-लेरोले म्हणत. लेकीकडे बघताना तिला अजूनही नवल वाटायचं, ही आपल्या पोटी आली कशी?

बारुती माइक घेऊन तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "आणि नाव बघा, लेरोले! म्हणजे धूळ! त्या रात्री झेंडा चढताना केवढं वादळ आलं होतं धुळीचं! मा-लेरोले, नाचलात की नाही तेव्हा? सगळ्यात आनंदी घर तुमचंच असणार!"

एवढी वर्षं हा प्रश्न आला की ती "हो" म्हणून मोकळी व्हायची. वादळानं लोकांना नावाचं कारण आयतं मिळालं होतं, दुसरं कुणी विचारलंच नाही. पण आज 'आनंदी' हा शब्द तिला सोसेना. तिनं शेजारी बघितलं. तिथे वस्तीचे प्रमुख रा-दिकोबे बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. पाऊस चुकला की हा म्हातारा दर वर्षी सभेत एकच वाक्य बोलायचा, "कुणीतरी सुतक मोडलंय." आणि दर वर्षी मा-लेरोले मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राहायची.

"मी नाचले नाही रे पोरा," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारी आम्ही आमचं पहिलं मूल पुरलं होतं."

बारुतीचं हसू तसंच राहिलं. माइक मात्र त्यानं मागे घेतला नाही.

"नवी राजधानी बांधायला मजूर हवे होते, म्हणून आलो होतो. ओळखीचं कुणी नाही. दुष्काळ असा, की विहिरीत नुसता गाळ. तेच पाणी पाजलं मी माझ्या पोराला, त्यानंच गेला तो. रात्री बाहेर सगळा देश गात होता. धुळीनं आमचा पत्रा थडथडत होता. आत आम्ही दोघं नवराबायकोच. मी रडायचे, तो मला धरायचा. तो रडायचा, मी त्याला धरायचे. दुसरं कोण होतं आम्हाला?" तिनं लेकीकडे बोट केलं. "ही त्यातून आली. नाव वादळावरून नाही ठेवलं. मरणाला वाटावं, ही धूळ आहे, कचरा आहे, हिला कशाला उचला. म्हणून ठेवलं."

मग ती शेजारी वळली.

"मूल गेल्यावर शुद्धी होईपर्यंत नवराबायकोनं वेगळं निजायचं. आम्ही नाही निजलो. सुतक मी मोडलं, रा-दिकोबे. पाऊस माझ्यापायी रुसला असेल तर आता द्या काय द्यायची ती शिक्षा."

मागे मांसाचं पातेलं ढवळणाऱ्या बायकाही हातातली लाकडं धरून थांबल्या. रा-दिकोबे काठीला जोर देत उठले. मा-लेरोलेनं डोळे मिटून घेतले.

"पोराचं नाव काय होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

नवरा गेल्यापासून हे नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. "ओत्सिले," ती म्हणाली. ओत्सिले म्हणजे 'तो आला'.

रा-दिकोबेंनी डोक्यावरची टोपी काढली. उजव्या कोपराला डावा हात लावला, मोठ्या माणसापुढे लावतात तसा, आणि हात पुढे केला.

"दुमेला, मा-ओत्सिले."

साधा नमस्कार, रस्त्यात भेटलं की करतात तेवढाच. पण त्यांच्या मागची रांग उठली, तिच्या मागची उठली. एकेक पुरुष टोपी काढत होता, एकेक बाई गुडघे वाकवत होती. दुमेला, मा-ओत्सिले. दुमेला, मा-ओत्सिले. म्हातारी ओक्साबोक्शी रडत होती आणि पुढे आलेला प्रत्येक हात हातात घेत होती.

मंचावर लेरोलेचा चेहरा ओला झाला होता. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गावोगाव लोकांनी विचारलं होतं, बाई, पाण्याचं हे वेड तुम्हाला कुठून लागलं? तिला कधी उत्तर देता आलं नव्हतं. बारुती भांबावून माइक घेऊन वर गेला. काय म्हणून तिला पुकारावं हे त्याला सुचेना. तिनंच त्याच्या हातून माइक घेतला.

"मी लेरोले," ती लोकांना म्हणाली. "ओत्सिलेची धाकटी बहीण."