गोळीची गुंगी

रेल्वेतला गार्ड दावीद खोकल्याची गोळी घ्यायला रोज संध्याकाळी दौंडच्या नर्स ग्लॅडिसबाईंच्या क्वार्टरवर जायचा आणि धुंद डोळ्यांनी परतायचा. "गोळीची गुंगी हाय गं," म्हणायचा. बायको लिडिया आतून जळायची, पण दोष गोळीलाच द्यायची.

नाताळला तिचा भाऊ विल्यम आला. तो पुण्यात रसायनशास्त्र शिकत होता. तिनं गोळीचं नाव सांगताच तो हसला. "ताई, या औषधाची दोन रूपं असतात, वस्तू आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब असावं तशी. डावं मेंदूला गुंगी आणतं. हे उजवं. यानं नुसता खोकला थांबतो."

तेवढ्यात दावीद धुंद डोळ्यांनी घरी परतला. लिडिया ताडकन उठली. "अहो, उद्यापासून तुमची गोळी मीच आणत जाईन."

 

दावीद गडबडला. "तू कशाला? खोकला तर कवाच थांबलाय!"