जुन्या बाजारातली तसबीर

दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या साहेबांना महिना-दोन महिन्यांसाठी भाड्याने द्यावयाचे घर पारसमलने सजवले, म्हणजे आपली अभिरुचिशून्यता भिंतीभिंतीवर टांगली: प्लास्टिकची फुले, मखमलीवरचा वाघ, आणि घर खानदानी दिसावे म्हणून जुन्या बाजारातून आणलेली, हार घातलेली एका अनोळखी म्हाताऱ्याची तसबीर.

पहिला भाडेकरू चरकला. “शेठ, आमचे आबा इथे कसे?” तो त्याच दिवशी गेला. दुसऱ्यालाही तीत आपलेच वडील दिसले.

“भाऊ, बाप भंगारात विकला होता का?” पारसमल खेकसला.

घर रिकामे पडले. तो खुळचटपणा मोडण्यासाठी त्याने पत्नीला, प्रेमकुंवरला, तसबिरीपुढे उभे केले. “सांग, ओळखतेस ह्या म्हाताऱ्याला?”

तिने क्षणभर पाहिले आणि ती भिंतीवर बांगड्या फोडू लागली. पारसमल शेजारी उभा राहून हाका मारीत होता. तिने वळूनसुद्धा पाहिले नाही.