दुपटं

कोनफळांची सुगी आली आणि पंधरा वर्षांचा मेल्सुल सुगीच्या उडीसाठी उंच लाकडी मनोऱ्यावर चढून, घोट्यांना वेली बांधून उभा राहिला. धबधबे, कडे, माड, उड्या मारायला काही म्हणून सोडलं नव्हतं त्याने. खाली त्याची आई रोसिन त्याचं तान्हेपणीचं दुपटं हातात धरून नाचत होती. पोर पहिली उडी मारून सुखरूप उठलं की आईने दुपटं भिरकावून द्यायचं, म्हणजे ते पुरुष झालं. पण वेल तुटली, आणि दुपटं तिच्या हातातच राहिलं.

त्यानंतर कित्येक महिने ती त्याला भरवत होती, पुसत होती, कूस बदलून देत होती. आज कुबड्या घेऊन तो दारापासून चुलीपर्यंत आला, तेव्हा तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय, आई? दुपटं जपून ठेवलंयस ना? माझी उडी बाकी आहे अजून."

"गाढवा, आधी नीट उभा तर राहा!" म्हणत रोसिनने उशाखालचं दुपटं ओढलं आणि चुलीत टाकलं. "घे. झालास पुरुष."

दुपट्याची राख होईपर्यंत मेल्सुल बघत राहिला.


"आता दुसरं काहीतरी शोधून ठेव," तो म्हणाला. "सुगीला लागेल."